बर्फाच्या टबात बसल्याने चरबी जळते का?

सध्या बाणेर-बालेवाडी आणि कोरेगाव पार्ककडे आइस बाथची सेशन्स जोरात चालू आहेत. निळा ड्रम नाहीतर फुगवायचा टब, त्यात फोडून टाकलेल्या बर्फाच्या लाद्या, आत गळ्यापर्यंत बसलेला माणूस आणि बाजूला मोबाइल धरून त्याला श्वास घ्यायला सांगणारं कोणीतरी, असा तो एकूण प्रकार. रीलखाली लिहिलेलं असतं की दोन मिनिटांत मेटाबॉलिझम बूस्ट होतो, पोटावरची चरबी जळते, शुगर कंट्रोलमध्ये येते. ज्यांना एवढे पैसे घालवायचे नाहीत त्यांच्यासाठी सोसायटीच्या ग्रुपवर दुसरा मेसेज फिरतोय, गिझर बंद करा, गार पाण्याने आंघोळ करा, महिन्यात पोट आत.

हे वाचून माझी मावशी, जिला बारा-पंधरा वर्षं शुगर आहे आणि बीपीची गोळी चालू आहे, मला विचारत होती की मी पण सुरू करू का गं. म्हणून नीट लिहायला बसले. कारण यात खोटं सगळंच नाहीये. थंडीचा आणि चरबीचा खरंच संबंध आहे, त्यावर गेली पंधरा-वीस वर्षं चांगल्या लॅबमध्ये काम झालंय, आणि त्यातून जे निघालंय ते आपल्यासारख्या लोकांना, म्हणजे बारीक दिसणाऱ्या पण शुगर होणाऱ्या लोकांना, फार उपयोगाचं आहे. फक्त रीलमध्ये सांगतात तो भाग त्यातला सगळ्यात कच्चा भाग आहे.

मेटाबॉलिझम म्हणजे काय ते आधी एकदा सांगून टाकते. आपण खातो त्याचं शरीर काय करतं, किती जाळतं, किती साठवतं, साखर आणि चरबी रक्तातून कुठे पाठवतं, हा जो आतला सगळा कारभार आहे तो मेटाबॉलिझम. बस एवढंच.

चरबी एकाच प्रकारची नसते

आपण ज्याला चरबी म्हणतो, पोटावरची, कमरेवरची, ती पांढरी चरबी. तिचं काम साठवणं. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे उपाशी राहायची वेळ आली तर बरेच दिवस पुरेल असा साठा आपण अंगावर घेऊन फिरतो.

दुसरी असते तपकिरी चरबी, ब्राउन फॅट. हिचं काम बरोबर उलटं, ती जाळते, आणि जाळून ऊब तयार करते. ती तपकिरी दिसते कारण तिच्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे इंधन जाळणारे बारीक बारीक भाग, खच्चून भरलेले असतात आणि त्यांच्यात लोह असतं. १५५१ साली कॉनराड गेसनर नावाच्या स्विस अभ्यासकाने मार्मॉट या बिळात राहून हिवाळाभर झोपणाऱ्या प्राण्यात हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि लिहून ठेवलं की हे ना धड मांस ना धड चरबी.

माणसात ती सगळ्यात जास्त तान्ह्या बाळात असते. बाळाला कुडकुडता येत नाही ना, त्यामुळे पाठीवर खांद्यांच्या मधल्या भागात आणि मानेपाशी ही चरबी असते आणि तीच त्याला गरम ठेवते. आपल्याकडे बाळाला टोपडं, कुंची, दुपट्यात गुंडाळणं हे सगळं करतात ते योग्यच आहे, कारण त्या चरबीलाही मर्यादा असते.

मोठं झाल्यावर ही चरबी नाहीशी होते असं डॉक्टरांच्या पुस्तकात बरीच वर्षं होतं.

मग मोठ्या माणसांत ती सापडली कशी?

हा भाग मला फार आवडतो. कॅन्सरच्या पेशंटची पेट स्कॅन करतात, त्यात साखरेसारखं एक औषध शिरेतून देतात आणि शरीरात जिथे साखर जास्त खाल्ली जाते तो भाग स्कॅनमध्ये चमकतो. गाठ चमकते. पण काही पेशंटच्या मानेत आणि गळ्याच्या हाडाच्या वर दोन्ही बाजूंना सारखंच चमकायचं, आणि तिथे गाठ नसायची. विशेषतः थंडीत.

माझ्या मामाच्या स्कॅनला मी सोबत गेले होते तेव्हा जानेवारी होता. इंजेक्शन दिल्यावर त्याला एका छोट्या खोलीत आरामखुर्चीत बसवलं, आणि तिथला टेक्निशियन दोन ब्लँकेट घेऊन आला, "काका, मानेपर्यंत घ्या, थंडी वाजू देऊ नका, नाहीतर रिपोर्ट गडबडतो." मामाला वाटलं आपली काळजी घेतायत. काळजी होतीच, पण खरं कारण हे की थंडी वाजली तर ब्राउन फॅट जागी होते, साखर ओढायला लागते, आणि स्कॅन वाचणाऱ्याला तो कॅन्सरचा भाग वाटू शकतो.

२००९ साली एका नावाजलेल्या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये बोस्टन, हॉलंडमधलं मास्ट्रिश्ट आणि फिनलंडमधलं तुर्कू अशा तीन ठिकाणच्या टीमचे पेपर एकदम आले आणि मोठ्या माणसांतही काम करणारी ब्राउन फॅट असते हे पक्कं झालं. बोस्टनवाल्यांनी जवळजवळ दोन हजार पेशंटचे जुने स्कॅन पाहिले, त्यात ७.५ टक्के बायकांमध्ये आणि ३.१ टक्के पुरुषांमध्ये ती दिसली, पण हे स्कॅन थंडी न देता केलेले. मास्ट्रिश्टला २४ तरुण पुरुषांना १६ अंश सेल्सिअसमध्ये बसवून स्कॅन केलं तर २४ पैकी २३ जणांत ती जागी झालेली दिसली. म्हणजे बहुतेकांकडे असते, फक्त गरज पडल्याशिवाय उठत नाही. आणि जाड माणसांमध्ये ती कमी उठते हेही तिथेच दिसलं.

थंडी वाजल्यावर आत नक्की काय होतं

कातडीला गार लागलं की तिथल्या नसांमधून मेंदूला निरोप जातो. मेंदू आधी काय करतो तर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतो, म्हणून बोटं गार पडतात, आतली ऊब आत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर नसांच्या टोकाशी नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं आणि ब्राउन फॅट कामाला लागते. आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर स्नायू कापायला लागतात, आपण कुडकुडतो. चांगलं जोरात कुडकुडलं तर शरीराचा खर्च बसल्या जागी आराम करताना असतो त्याच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो.

ब्राउन फॅट ऊब कशी करते हे समजायला मुळशीचं धरण डोळ्यासमोर आणा. मुळशीचं पाणी बोगद्यातून खाली कोकणात भिऱ्याला सोडतात, ते टर्बाइनवर पडतं आणि वीज होते. आपल्या साध्या पेशींत तसंच चालतं, अन्न जाळून एका पडद्याच्या अलीकडे दाब तयार करायचा, तो दाब टर्बाइनसारख्या एका यंत्रातून सोडायचा आणि पेशीला लागणारी ऊर्जा बनवायची. ब्राउन फॅटमध्ये त्या पडद्याला एक वेगळा दरवाजा असतो, त्याला यूसीपी-वन म्हणतात. थंडी वाजली की तो उघडतो, दाब टर्बाइन टाळून सरळ निघून जातो, वीज काही होत नाही, सगळी ताकद उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. धरण रिकामं होतं म्हणून पेशी अजून इंधन जाळत राहते. आधी स्वतःतली चरबी, मग रक्तातली चरबी आणि साखर.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की अरे वा, मग तर बर्फात बसलंच पाहिजे. तर आता हिशोब बघू.

मग वजन का उतरत नाही?

आराम करताना आपलं शरीर मिनिटाला साधारण एक कॅलरी खर्च करतं. २००० साली एक प्रयोग झाला होता, त्यात माणसांना १४ अंशाच्या पाण्यात तासभर बसवलं तर खर्च साडेतीनशे टक्क्यांनी वाढला, म्हणजे साडेचारपट झाला. ऐकायला केवढा वाटतो आकडा! पण तुम्ही टबात बसणार तीन मिनिटं. हाच वेग अगदी पहिल्या सेकंदापासून धरला तरी तीन मिनिटांत जास्तीच्या कॅलरी जळतात दहा-अकरा. बाहेर आल्यावर वीस मिनिटं कुडकुडलात तर अजून काही. एका साध्या ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात, आणि आइस बाथनंतर सगळे गरम गरम चहा घेतात, त्यातली साखर वेगळीच.

आणि भूक. गार पाण्यातून आलं की भूक लागते हे पोहणाऱ्या कोणालाही विचारा. २००५ मध्ये हे मोजलंय, काही जणांना २० अंशाच्या पाण्यात ४५ मिनिटं सायकल मारायला लावली आणि दुसऱ्या वेळी ३३ अंशाच्या कोमट पाण्यात, दोन्ही वेळा मेहनत सारखीच, पण गार पाण्यातून आल्यावर त्यांनी ४४ टक्के जास्त खाल्लं. जळलेल्यापेक्षा परत भरलेलं जास्त होऊ शकतं ते असं.

चरबी खरंच कमी झाल्याचे प्रयोग आहेत, नाही असं नाही. जपानमध्ये २०१३ साली ज्यांची ब्राउन फॅट कमी होती अशा तरुणांना रोज दोन तास १७ अंशात हलक्या कपड्यांत बसवलं, सहा आठवडे. त्यांची ब्राउन फॅट वाढली आणि शरीरातली चरबी थोडी, पण मोजता येईल इतकी, घटली. लक्ष द्या, रोज दोन तास आणि १७ अंश. बर्फ कुठेच नाही. तीन मिनिटांचा झटका आणि दोन तासांचा हलका गारवा या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि रीलमध्ये अभ्यास दाखवतात दोन तासांच्या गारव्याचा आणि विकतात तीन मिनिटांचा झटका, याचा मला खरंच राग येतो, कारण शुगरवाले लोक आशेने पैसे भरतात.

पण उंदरांवर तर जबरदस्त रिझल्ट आलेत ना?

आलेत. उंदीर लहान असतो, त्याच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी खूप जास्त, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते आणि त्याला सतत गरम राहण्यासाठी जाळावंच लागतं. उंदराला आरामाचं तापमान साधारण ३० अंश, आणि लॅबमध्ये ठेवतात २२ वगैरेला, म्हणजे तो आधीपासूनच थंडीत असतो. ब्राउन फॅट त्याच्यासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे ती असते थोडीशी, आणि आपण स्वेटर घालतो. उंदराचा आकडा माणसाला लावून चालत नाही.

खरी गोष्ट वजनापेक्षा साखरेत आहे

आता मुद्द्याचं. शुगर म्हणजे टाइप टू डायबेटिस होतो तेव्हा काय बिघडतं, तर इन्शुलिन हे रक्तातली साखर पेशींच्या आत ढकलायचा हुकूम देतं आणि पेशी तो हुकूम नीट ऐकत नाहीत. किती चांगलं ऐकतात याला इन्शुलिन सेन्सिटिव्हिटी म्हणतात. जेवल्यावर या हुकुमाने जी साखर आत जाते त्यातला सगळ्यात मोठा वाटा स्नायू घेतात. चरबी नव्हे, स्नायू.

मास्ट्रिश्टच्याच लोकांनी २०१५ मध्ये टाइप टू डायबेटिस असलेल्या आठ जणांना दहा दिवस, रोज काही तास, १४-१५ अंशात ठेवलं. दहा दिवसांनी त्यांची इन्शुलिन सेन्सिटिव्हिटी सरासरी ४३ टक्क्यांनी सुधारली. हे प्रचंड आहे, चांगल्या व्यायामाच्या कार्यक्रमातही असं मिळालं तर डॉक्टर खूश होतात. सगळ्यांना वाटलं ब्राउन फॅटची कमाल. पण ती वाढलेली अगदी थोडी. बदल दिसला तो स्नायूंत, साखर आत घेणारे दरवाजे पेशीच्या आतून पृष्ठभागाकडे सरकलेले दिसले.

मग त्यांनी तोच प्रयोग जरा सौम्य करून पाहिला, १६-१७ अंश, कोणी कुडकुडणार नाही याची काळजी घेऊन. २०२१ मध्ये निकाल आला, इन्शुलिन सेन्सिटिव्हिटीत सुधारणा नाही. म्हणजे स्नायू हलले पाहिजेत, थोडं का होईना. म्हणून मग २०२४ मध्ये उलटं केलं, वजन जास्त असलेल्या पंधरा जणांना दहा दिवस रोज एक तास मुद्दाम कुडकुडायला लावलं. उपाशीपोटीची साखर कमी झाली, साखरेचं पाणी प्यायल्यावरची साखर सुधारली, रक्तातली चरबी घटली, बीपीसुद्धा उतरलं.

आता हे सगळे लहान प्रयोग आहेत, आठ जण, पंधरा जण, दहा दिवस, आणि पंधरा जणांच्या प्रयोगात तुलनेला दुसरा गट नव्हता. यावरून औषध बंद करायचं तर स्वप्नातही आणू नका. पण दिशा मला स्पष्ट वाटते. थंडीचा शुगरवरचा जो फायदा आहे तो बराचसा स्नायूंतून येतोय, आणि कुडकुडणं म्हणजे शेवटी काय, स्नायूंनी आपणहून केलेला बारीक बारीक व्यायामच.

ब्राउन फॅट त्यामुळे बिनकामाची ठरते असंही नाही. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलने ५२ हजारांहून जास्त पेशंटचे स्कॅन तपासले, २०२१ ची गोष्ट, त्यात ज्यांच्यात ब्राउन फॅट दिसली त्यांच्यात टाइप टू डायबेटिस ४.६ टक्के आणि ज्यांच्यात दिसली नाही त्यांच्यात ९.५ टक्के. हृदयाचे आजारही कमी. पण यात ब्राउन फॅटमुळे माणूस निरोगी राहिला की निरोगी माणसात ब्राउन फॅट टिकली, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही.

हे पुण्यातल्या माणसाला जास्त का लागू आहे

कारण शरीर बारीक आणि आत चरबी जास्त, ही गोष्ट जगाला दाखवून दिली तीच मुळी पुण्यातून. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. त्यात काय दिसलं, तर आपल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो आणि इंग्लंडच्या बाळांचं ३.५ किलो, बाळ एवढं लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. कमी काय होतं? स्नायू. आणि पोटातले अवयव. म्हणजे बारीक पण चरबीवालं शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो.

याच याज्ञिकांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, शेजारी त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखेच! मी हा फोटो पाहिला तेव्हापासून "अहो मी कुठे जाड आहे" हे वाक्य ऐकलं की मला तोच आठवतो.

वर नेदरलँड्समध्ये लायडनला २०१४ मध्ये बारा दक्षिण आशियाई वंशाचे आणि बारा युरोपियन वंशाचे सडपातळ तरुण घेऊन थंडीत स्कॅन केलं, तर आपल्या लोकांमध्ये ब्राउन फॅट साधारण एक तृतीयांशने कमी निघाली. सगळ्याच अभ्यासांत हा फरक असाच दिसलेला नाही, त्यामुळे तो पक्का धरू नका. पण स्नायू कमी असणं हे मात्र आपल्याबाबतीत पक्कं आहे. देशात डायबेटिसवाले १० कोटींच्या वर आणि त्याच्या उंबरठ्यावरचे अजून १३ कोटींच्या वर, हे आयसीएमआरच्या २०२३ च्या मोठ्या पाहणीतले आकडे आहेत. त्यामुळे थंडीबद्दल बोलताना आपल्या लोकांनी पहिला प्रश्न विचारायला हवा तो स्नायूंबद्दल.

आमचे आजोबा बारा महिने गार पाण्याने आंघोळ करायचे, त्यांना कुठे शुगर होती?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि तो मला मनापासून पटतो. अशी माणसं मीही पाहिली आहेत. कार्तिकात पहाटे काकड आरतीला जायच्या आधी गार पाण्याचे तांबे डोक्यावर घेणारी, अंगात एक बंडी, पायात वहाण, शाल असली तर असली. पण तो तांब्या त्यांच्या दिवसातली किती मिनिटं होता? बाकी दिवस विहिरीवरून पाणी ओढणं, शेत, चार-पाच मैल चालणं, आणि घरही गार, कामही बाहेर, म्हणजे हलका गारवा तासन् तास. प्रयोगांत जे घडवून आणतात ते त्यांच्याकडे आपोआप घडत होतं. एकट्या आंघोळीला श्रेय देणं मला योग्य वाटत नाही.

बर्फातला तो प्रसिद्ध डच माणूस, विम हॉफ, त्याच्यावरही एक छान अभ्यास आहे. त्याला जुळा भाऊ आहे, अगदी एकसारखा जुळा, जो बर्फात वगैरे बसत नाही. २०१४ मध्ये दोघांना थंडीत ठेवून तपासलं तर दोघांची ब्राउन फॅट जवळपास सारखीच निघाली.

आणि फक्त गार शॉवरबद्दल विचाराल तर हॉलंडमध्येच ३,०१८ लोकांवर मोठा प्रयोग झालाय, गरम आंघोळीच्या शेवटी ३० ते ९० सेकंद गार पाणी. त्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. आजारी वाटण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत, लोक तसेच ऑफिसला गेले. ताजंतवानं वाटतं, हे अगदी खरं आहे, आणि तेवढ्यासाठी कोणी करत असेल तर जरूर करावं. चरबीचा यात संबंध नाही.

फॅट फ्रीझिंग म्हणतात ते हेच का?

नाही, पूर्ण वेगळं. क्लिनिकमध्ये कातडीला मशीन लावून चरबीच्या पेशी गारठवून मारतात. बोस्टनच्या डॉक्टरांनी शोधलेली पद्धत, त्यामागची कल्पना अशी की चरबीच्या पेशी कातडीपेक्षा आधी गारठून मरतात. त्याने मशीन लावलेल्या जागेचा आकार थोडा बदलतो. शुगर, रक्तातली चरबी, पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली चरबी, जी खरी घातक, यातल्या कशाला हात लागत नाही. क्वचित उलटंही होतं, त्या जागी चरबी वाढून घट्ट गोळा येतो. सही करायच्या आधी हे विचारा.

जिमनंतर आइस बाथ घेणाऱ्यांनो

हे खास तरुण मुलांसाठी, कारण बहुतेक रील्स त्यांच्याच असतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात बारा आठवडे वेट ट्रेनिंग करणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले, एक गट व्यायामानंतर दहा मिनिटं १० अंशाच्या पाण्यात बसायचा, दुसरा हलकी सायकल मारायचा. पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद कमी वाढली. व्यायामानंतर स्नायूत जी दुरुस्ती सुरू होते तीच तर वाढीची सुरुवात असते, तिला गार पाणी दाबून टाकतं. मॅचच्या दुसऱ्या दिवशी परत खेळायचंय अशा खेळाडूला दुखणं कमी व्हायला त्याचा उपयोग आहे. पण आपल्या अंगात मुळात स्नायू कमी, साखर जायची मुख्य जागा तीच, ती वाढवायला घाम गाळायचा आणि लगेच जाऊन ती वाढ कमी करायची, हे आपल्या लोकांनी तरी करू नये असं मला कळकळीने वाटतं. घ्यायचाच असेल तर वेगळ्या दिवशी घ्या.

कोणी अजिबात करू नये

गार पाण्यात एकदम उतरलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, छाती धपापते, बीपी झपकन वर जातं. तोंड पाण्याखाली असेल तर तोच श्वास जीव घेऊ शकतो. म्हणून हृदयाचा त्रास असलेले, ज्यांचं बीपी हातात नाही असे, गरोदर बायका, दमा असलेले, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणारे, यांनी बर्फाच्या नादी लागूच नये. एकट्याने कोणीच उतरू नये, आणि जोरजोरात श्वास घेऊन मग तो रोखायचे जे प्रकार शिकवतात ते पाण्यात कधीच नाही, त्यात माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो.

शुगरवाल्यांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. बरीच वर्षं शुगर असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग गारठून इजा झाली तरी कळत नाही. आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली गेल्यावरही कापरं भरतं, ते थंडीचं की लो शुगरचं हे ओळखू येत नाही. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तो नॉरॲड्रेनलिनचा निरोपच अडवतो, म्हणजे ब्राउन फॅट नीट उठणार नाही, धोका तेवढा राहील. मावशीची गोळी तीच निघाली. तिला मी सरळ नाही म्हणाले.

मग करायचं काय, आणि उन्हाळ्यात काय?

मावशीला जे सांगितलं तेच सांगते. डॉक्टरांना विचारून, पायात नीट बूट घालून, सकाळी सात-साडेसातला बाहेर पड. पुण्यात जानेवारीत त्या वेळी दहा-बारा अंश असतं, त्याला विकत घ्यावं लागत नाही. तळजाई, वेताळ टेकडी, नाहीतर सोसायटीचा चढ. स्वेटर, त्यावर जर्किन, माकडटोपी, मफलर असं सगळं चढवून निघू नकोस, कान झाक, छाती झाक, पण सुरुवातीला किंचित गार लागेल एवढंच घाल आणि चालून ऊब येऊ दे. कुडकुडून स्नायू जे करतात ते चढावर चालताना कितीतरी जास्त करतात, आणि ते तुझ्या हातात असतं.

निरोगी तरुण असाल तर घरात थोडा गारवा सोसायची सवय लावून घ्या, लगेच खिडक्या बंद करून दोन रजया नको. अमेरिकेत पाच तरुणांना महिनाभर १९ अंशाच्या खोलीत झोपवलं तर ब्राउन फॅट साधारण ४० टक्क्यांनी वाढली होती. मग पुढे २४ आणि २७ अंशाच्या खोलीत एकेक महिना झोपवलं आणि ती वाढ पूर्ण उतरली. आपल्याकडे होळी होते न होते तोच रात्री पंखा लागतो, म्हणजे थंडीत जे काही कमावलं ते एप्रिलपर्यंत गेलेलं असणार. मे महिन्यात एसी १८ वर लावून ते टिकवायचा खटाटोप मी कोणाला सांगणार नाही. मावशीने फेब्रुवारीपासून घरी खुर्चीवरून उठ-बस आणि रबरी पट्ट्याचे व्यायाम सुरू करायचं कबूल केलंय, आठवड्यातून तीनदा, आणि एचबीए वन सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, मेमध्ये परत करायची ठरलीये.